जॉबवर्कचे मशीन शॉप आणि इंजिनाचे रिबोरिंग वर्कशॉप: जुनी गाडी घेऊन नेमके कुठे जावे?

नाशिकमध्ये जुन्या गाडीचे इंजिन उघडले की दोन दिवसांत कोणीतरी हमखास सांगतो, ‘‘अंबडला माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडे व्हीएमसी आहे, मायक्रॉनमध्ये काम करतो, त्याच्याकडे ब्लॉक टाका.’’ व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणारे धातू कापण्याचे मशीन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा. हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. महिंद्र आणि बॉश यांच्यासारख्या कारखान्यांमुळे सातपूर-अंबडच्या गल्ल्यांमध्ये सुटे भाग बनवणारी असंख्य छोटी मशीन शॉप उभी राहिली आणि त्यांतली कित्येक फार उत्तम काम करतात. पण पद्मिनीचे किंवा अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन पुन्हा उभे करणे हे त्यांचे काम नाही. ते काम रिबोरिंगवाल्याचे, म्हणजे झिजलेला सिलिंडर पुन्हा कापून नीट गोल करणाऱ्याचे आहे, आणि या दोघांना एकाच नावाने ‘मशीन शॉप’ म्हणण्याची सवय आता सोडायला हवी.

गॅरेज म्हणजे काय हे वाचकाला ठाऊकच आहे. मिस्त्री इंजिन उतरवतो, खोलतो, जोडतो, ‘हाफ’ करायचे की ‘फुल’, म्हणजे अर्धी दुरुस्ती की पूर्ण, हे ठरवतो आणि धातू कापायची वेळ आली की ब्लॉक टेम्पोत घालून बाहेर पाठवतो. प्रश्न त्या ‘बाहेर’चा आहे. दर, जागेची स्वच्छता, पक्के बिल, फोन उचलण्याची तत्परता या बाबतींत दोन्ही ठिकाणी फरक असतोच, पण त्यावरून काही ठरवू नये. तेलकट फरशीवर अप्रतिम होनिंग (सिलिंडरचे शेवटचे बारीक घासकाम) झालेले मी पाहिले आहे.

खरा फरक एकच आहे. जॉबवर्कचे शॉप ड्रॉइंगवरून नवा भाग बनवते, तर रिबोरिंगवाला झिजलेल्या भागाला त्याच्या मूळ अक्षावर परत आणतो. पहिल्याला संदर्भ कागदावर मिळतो, दुसऱ्याला तो झिजलेल्या धातूतूनच शोधून काढावा लागतो.

हे जरा सविस्तर पाहू. प्रीमियर पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75 मिमी. अनेक वर्षे चाललेला असा सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते त्याच्या लगेच खाली झीज सर्वांत जास्त असते, खाली जाताना ती कमी होत जाते आणि पिस्टनचा रेटा ज्या बाजूवर पडतो त्या बाजूला ती अधिक असते. म्हणजे सिलिंडर निमुळता होतो, अंडाकृती होतो, आणि ते अंडेही मध्यावर नसते, एका अंगाला कललेले असते. मात्र रिंग कधीच पोहोचत नाही असा अगदी वरचा काही मिलिमीटरचा काठ आणि तळाचा भाग जवळपास मूळ मापाचाच राहतो.

आता व्हीएमसीवरचा कुशल कारागीर काय करतो? प्रोब (माप घेणारी काडी) आत सोडतो, भिंतीला चार ठिकाणी टेकवतो, मशीन मध्यबिंदू काढून देते आणि तो त्या मध्यबिंदूवर बोअर मारतो. प्रोब झिजलेल्या पट्ट्यात टेकला असेल, तर मिळालेला मध्य हा झिजेचा मध्य असतो, सिलिंडरचा नव्हे. नवा बोअर रेट्याच्या बाजूला सरकतो. मुरलेला रिबोरिंगवाला वरचा न झिजलेला काठ किंवा तळ धरून मध्य काढतो. त्याच्याही आधी तो मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या, घरापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाची उंची चारही कोपऱ्यांवर तपासतो, कारण आधीच्या कोणी ‘फेसिंग’ करताना पृष्ठभाग तिरका केला असेल, तर त्यावर बसवलेले बोअरिंग मशीनही तेवढेच तिरके बसते आणि सिलिंडर क्रँकशी काटकोनात राहत नाही. बोअर थोडा सरकलेला असला तर इंजिन तक्रार करत का होईना चालते, पण कललेला असेल तर पिस्टन, रिंग आणि बेअरिंगच्या कडा एका बाजूने खाल्ल्या जातात.

गिऱ्हाईक चांगल्या माणसावर नेमका इथेच संशय घेते. खऱ्या मध्यावरून बोअर मारायचा तर एका अंगाची सगळी झीज निघेपर्यंत जास्त धातू काढावा लागतो. झिजेच्या मध्यावरून तेच काम 0.25 मिमीच्या ओव्हरसाइझमध्ये, म्हणजे मूळ मापाहून तेवढ्या मोठ्या बोअर-पिस्टनमध्ये, भागून जाते. त्यामुळे ‘‘पाव मिलिमीटरमध्ये साफ निघणार नाही, अर्ध्यावर जावे लागेल’’ असे सांगणारा लुबाडतो आहे असे वाटते आणि ‘‘पावमध्ये बसवून देतो’’ म्हणणारा भला वाटतो. या दोन मापांच्या पिस्टन सेटच्या किमतीत फारसा फरक नसतो, तेव्हा अर्धा सांगण्यात त्याचा काय फायदा, हे तरी विचारात घ्यावे. मी तर पाव-अर्ध्याचा निर्णय सिलिंडर न मोजता, नुसता बोट फिरवून सांगणाऱ्याकडून ब्लॉक परत आणतो.

मीही एकदा या घोळात सापडलो आहे. माझ्या पद्मिनीचा ब्लॉक अंबडच्या एका परिचितांकडे दिला. त्यांनी रीतसर ड्रॉइंग मागितले आणि मी मोठ्या ऐटीत कागदावर ‘68.50’ लिहून दिले, कारण मला अर्ध्या मिलिमीटरचे ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे होते. चारही सिलिंडर बरोबर 68.50 वर, देखणे, आरशासारखे चकचकीत मिळाले. पिस्टन आठ दिवसांनी आले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधला क्लिअरन्स (मोकळी फट) पिस्टनच्या डब्यातल्या चिठ्ठीवर मागितला होता त्यापेक्षा कमी भरला, पण ‘‘चालता चालता बसेल’’ या मिस्त्रीच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला. मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाट चढताना इंजिनाचा जोर गेला आणि दुसऱ्या पिस्टनने सिलिंडर धरला. परिचितांचा यात काहीच दोष नव्हता, त्यांनी मागितले तेच माप अचूक दिले. चूक मागणाऱ्याची होती.

बोअरिंग अंतिम मापापर्यंत करायचेच नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पिस्टन आधी हातात हवेत. प्रत्येक पिस्टन त्याच्या स्कर्टवर (खालच्या भागावर), पिनच्या काटकोनात मोजून त्यावर सिलिंडरचा आकडा टाकायचा, बोअरिंग अंतिम मापाच्या अलीकडे थांबवायचे आणि उरलेले पाच-सात शतांश मिलिमीटर होनिंगने काढत त्या-त्या सिलिंडरला त्या-त्या पिस्टनपुरता क्लिअरन्स द्यायचा. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा तेल धरतात आणि रिंगा बसवतात, म्हणून आरशासारखा सिलिंडर कोणी अभिमानाने दाखवला की माझे डोके फिरते. आणखी एक गोष्ट म्हणजे होनिंगने ब्लॉक तापतो. 68 मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचा व्यास 10 अंशांच्या फरकाने साधारण 13 ते 14 मायक्रॉन बदलतो, बिडाच्या सिलिंडरचा सात-आठ. म्हणून चांगला माणूस ब्लॉक आणि पिस्टन एकाच खोलीत थंड होऊ देतो आणि शेवटचे माप मगच घेतो. घाई करणाऱ्याला मी डिसेंबरातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांची आठवण करून देतो.

‘‘पिस्टन आणल्याशिवाय ब्लॉकला हात लावणार नाही’’ असे सांगणारा माणूस भेटला की माझा अर्धा शोध संपतो. उरलेला अर्धा क्रँकवरून. ग्राइंडिंग 0.25 चे की 0.50 चे हे कोणीही सांगतो. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जिथे गालाला मिळते तिथली गोलाई तो राखतो का, हे पाहावे. तिथे धारदार कोपरा ठेवलेला क्रँक दिसायला सुबक असतो आणि पुढे नेमका तिथूनच तडकतो.

एक पोटभेद सांगायचा राहिला. निफाड-दिंडोरीच्या ट्रॅक्टरांवर चालणारी काही दुकानेही स्वतःला इंजिन वर्कशॉप म्हणवतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत पाण्यात बसणारे तयार लायनर (सिलिंडरच्या सुट्या नळ्या) असतात, जुना ओढून काढायचा आणि नवा किट बसवायचा. हे काम सोपे नाही, पण त्यात मध्य शोधायचा प्रश्न येत नाही. तेव्हा ‘‘पन्नास वर्षांचा अनुभव’’ हा कशाचा, हे विचारावे. अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. त्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या इंजिनाचे माप इंचात आहे, बोअर 73.025 मिमी, म्हणजे 2 पूर्णांक 7/8 इंच. तिथले ‘वीस थाउ’ (इंचाचे वीस सहस्रांश) म्हणजे 0.508 मिमी, 0.50 नव्हे. आठ मायक्रॉनचा हा फरक पिस्टन मोजून काम करणाऱ्याला कधीच नडत नाही, कागदावरून करणाऱ्याला नडतो.

दुसऱ्या खेपेला ब्लॉक मी आग्रा रोडच्या बाजूच्या एका रिबोरिंगवाल्याकडे नेला. त्यांनी मेन बेअरिंगच्या टोप्या, त्यांचे बोल्ट आणि कनेक्टिंग रॉडही आणायला लावले. परत देताना एका जुन्या बिलाच्या पाठीवर चारही सिलिंडरची वर, मध्ये आणि खाली, दोन-दोन दिशांनी घेतलेली मापे लिहून दिली आणि बजावले की रॉकेल-डिझेलने होनिंगची कुरुंद निघत नाही, साबण आणि गरम पाण्यानेच धुवा. घरी अंगणात दोनदा धुतल्यावरही पांढरे फडके राखाडी निघाले. तिसऱ्यांदा ते पांढरे राहिले, तेव्हा सिलिंडरला तेलाचा हात फिरवला.