ग्रॅनोला बार आणि पाकातलं पाणी

तीन रविवार, तीन ताटं. पहिल्या ताटातला ग्रॅनोला बार सुरी लावताच भुगा होऊन पडला. दुसरा इतका कडक झाला की मुलीनं डब्यातून तसाच परत आणला. तिसरा छान जमला, पण महिना जुलैचा होता. चार दिवसांत तो चिकट आणि वातड झाला. ओट्स, शेंगदाणे, गूळ, तूप तिन्ही वेळा तेवढंच घेतलं होतं. फरक पडला तो पाण्यानं, आणि पाणी तर मी गूळ विरघळवण्यापुरतं, दोन चमचेच घातलं होतं.

माझं प्रमाण साधं आहे: २०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम शेंगदाणे आणि बदाम, १५० ग्रॅम गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. ओट्स आणि दाणे आधी मंद आचेवर खमंग भाजायचे. भाजताना ओट्समधली ओल जाते, आणि प्रथिनं व शर्करा यांच्यात ती प्रक्रिया होते जिचं वर्णन लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली केलं. भाकरीच्या पापुद्र्याचा आणि भाजलेल्या दाण्याचा वास हा तिचाच.

खरी कसोटी मात्र पाकाची.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात साखर विरघळली की उकळबिंदू वर सरकतो, आणि पाणी वाफ होऊन जाईल तसा आणखी चढत जातो. म्हणून पाकाचं तापमान पाहिलं की आत पाणी किती उरलंय ते कळतं. साखरेच्या पाकात ११२ ते ११६ अंशांना सुमारे ८५ टक्के साखर असते. १५० अंशांच्या घरात ती ९९ टक्क्यांवर पोहोचते. गुळाचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, कारण गुळात सुक्रोजबरोबर, म्हणजे नेहमीच्या साखरेबरोबर, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दुसऱ्या शर्कराही असतात.

आईकडे थर्मामीटर नव्हता. गार पाण्याची वाटी होती. पाकाचा थेंब त्यात टाकायचा. बोटांत मऊ गोळी वळली तर गोळीबंद पाक, ताटावर टाकल्यावर ‘टण्’ वाजली तर चिक्कीचा. मला या वाटीचं फार अप्रूप वाटतं. कढईत ११५ अंशांचा आणि १४५ अंशांचा पाक दोन्ही वाहतेच दिसतात. त्यांतला फरक गार झाल्यावरच उघड होतो, आणि वाटी तो गारवा दोन सेकंदांत आणून दाखवते.

चिक्कीचा पाक गार होतो तेव्हा साखरेच्या रेणूंना ओळीत लागून स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. ते जिथल्या तिथे, अस्ताव्यस्त गोठतात. पदार्थविज्ञानात अशा अवस्थेला काच म्हणतात, आणि चिक्की ही खऱ्या अर्थानं काचच आहे. गुळातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज सुक्रोजच्या ओळी लागू देत नाही, त्यामुळे पाक रवाळ होत नाही. चिक्कीत चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात त्यालाही कारण आहे. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, काच सच्छिद्र होते आणि दाताखाली सहज मोडते.

चावता येईल असा बार हवा असेल तर या काचेच्या अलीकडे, गोळीबंद पाकावर थांबायचं. तेवढं पाणी राहिलं की पाक लवचीक राहतो. माझं पहिलं ताट फसलं कारण गूळ नुसता वितळवून मी गॅस बंद केला होता. सैल पाक ओट्सनी शोषून घेतला आणि दोन दाण्यांच्या मध्ये डिंकासारखं धरून ठेवायला काही उरलंच नाही. दुसऱ्या ताटाचा पाक चिक्कीपर्यंत गेला होता.

पाक तयार झाला की घाई करायची. गार होताना त्याचा दाटपणा झपाट्यानं वाढतो. मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं जोर देऊन थापायचं, म्हणजे दाणे एकमेकांना टेकतात. वड्या कोमट असताना पाडाव्यात. पूर्ण गार झाल्यावर सुरी घातली तर तडे कुठेही जातात.

ग्रॅनोलाच्या मूळ रूपात हा पाक नव्हता. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथे डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे भाजलेले कडक तुकडे केले आणि त्याला ‘ग्रॅन्युला’ म्हटलं. ते रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसत. पुढे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला आणि नावाच्या वादानंतर त्याचं ‘ग्रॅनोला’ केलं.

आता जुलैचं ताट. कोरड्या साखरेची काच साठेक अंशांपर्यंत टणक राहते. तिच्यात चार-पाच टक्के पाणी शिरलं की खोलीच्या तापमानालाच ती मऊ पडू लागते. गूळ आणि मध हवेतली ओल ओढून घेतात, त्यातही फ्रुक्टोज फार. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडा राहिलेला बार म्हणूनच पाघळतो, आणि चिक्की-लाडूंना संक्रांतीची कोरडी थंडी मानवते.

ओल डब्याच्या आतूनही येते. मी त्या ताटात बेदाणे घातले होते. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, भाजलेल्या ओट्समध्ये त्याच्या कितीतरी कमी. एका डब्यात ठेवले की पाणी बेदाण्यातून निघून ओट्समध्ये जातं आणि दोघांची ओढ सारखी होईपर्यंत जातच राहतं. शेवटी ओट्स मऊ आणि बेदाणे चामट.

एक गोष्ट आयांना आवर्जून सांगावीशी वाटते. १५० ग्रॅम गुळाचे १२ बार केले तर प्रत्येकात साडेबारा ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटना गूळ आणि मध दोन्ही वरून घातलेल्या साखरेतच धरते, आणि २००० कॅलरींच्या आहारात अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. ‘घरचा आहे, गुळाचा आहे’ म्हणून मुलाला तीन बार देऊ नयेत.

हल्ली पावसाळ्यात मी बेदाणे बारमध्ये घालत नाही, छोट्या डबीत वेगळे देते. बार पूर्ण गार झाले की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातात. कोमट असताना झाकण लावलं तर आतल्या वाफेचं पाणी परत त्यांच्यावरच पडतं.