ॲप जुनं की अकाउंट मागे? एआय असिस्टंटचा चेहरा बदलत नाही तेव्हा

"सर, अपडेट मारलो की. तरी जुनंच दाखवालंय."

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा कानावर येतं. एआय असिस्टंटचं, म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारं ॲप भावाच्या फोनवर नव्या रूपात दिसतं, आपल्या फोनवर मात्र जुनाच मेनू, जुनीच बटणं. मग ॲप काढून परत टाकलं जातं. तेवढ्याने भागलं नाही तर दुकानात जाऊन फोनला 'सॉफ्टवेअर मारून' घेतलं जातं. त्यात फोटो जातात, बँकेच्या ॲपची नोंदणी जाते, पैसे जातात, आणि चेहरा जुना तो जुनाच राहतो. मला हे बघवत नाही, कारण घोळ एकाच जागी आहे. ॲप अपडेट होणं वेगळं आणि नवं रूप चालू होणं वेगळं. आपण दोन्हीला 'अपडेट' म्हणतो.

पहिल्याबद्दल फार सांगायला नको, ते सगळ्यांना येतं. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर 'अपडेट' दिसलं तर दाबायचं. 'ओपन' दिसलं तर तुमच्यासाठी असलेलं शेवटचं व्हर्जन फोनवर आहे. 'तुमच्यासाठी' म्हणायचं कारण असं की प्ले स्टोअरवर कंपनी नवं व्हर्जन आधी काही टक्के लोकांनाच देऊ शकते, आणि अँड्रॉइड फार जुनं असेल तर त्या फोनला झेपणारं शेवटचं व्हर्जनच मिळत राहतं. आयफोनवर टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरवलं तर ते सात दिवस चालतं: १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १००. पण हे टप्पे आपोआप होणाऱ्या अपडेटपुरते. ॲप स्टोअर उघडून हाताने अपडेट केलं तर पहिल्याच दिवशी मिळतं.

आता दुसरं. नव्या रूपाचा कोड बऱ्याचदा ॲपच्या आत आधीच येऊन पडलेला असतो, पण बंद असतो. तो कोणाला उघडून दाखवायचा हे कंपनीचा सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरचा तिचा मुख्य कॉम्प्युटर, ठरवतो. ॲप उघडलं की ते सर्व्हरला विचारतं, या अकाउंटला काय काय दाखवू? उत्तरात यादी येते: हे चालू, ते बंद. तुम्हाला दिसणारा चेहरा त्या यादीवरून उभा राहतो.

सोलापूरच्या माणसाला हे सांगताना मी जकार्डकडे बोट दाखवतो. चादरीच्या मागावर जकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकाला एक बांधलेली, माळेसारखी फिरत असतात. कुठला उभा धागा वर उचलायचा ते कार्डावरचं भोक ठरवतं. माग तोच, सूत तेच, विणणारा तोच, पण कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी फूल येतं. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर तर पुठ्ठाही नाही, नक्षीची फाइलच पाठवायची. आता चादरीवर जुनीच नक्षी येतेय म्हणून कोणी माग खोलला, तेल घातलं, परत जोडला, तर काय होईल? तीच नक्षी येईल. ॲप म्हणजे माग, सर्व्हरकडून येणारी यादी म्हणजे कार्डांची माळ. अनइन्स्टॉल करून परत टाकणं म्हणजे माग खोलून जोडणं.

कंपन्या असं का करतात, हेही समजून घ्या, म्हणजे राग कमी येईल. नवं रूप आधी थोड्या लोकांना द्यायचं, लोक कुठे अडखळतात ते बघायचं, गडबड झाली तर सर्व्हरवरून लगेच बंद करायचं. तेच ॲपमधून मागे घ्यायचं तर नवं व्हर्जन बनवा, स्टोअरची मंजुरी घ्या, लोक अपडेट करतील याची वाट बघा. म्हणून एकाच घरात, एकाच वायफायवर दोघांना दोन चेहरे दिसतात. यात कोणाचा फोन बिघडलेला नसतो.

आमच्याकडे टॉवेलच्या कारखान्याचे एक मालक येतात, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बाहेरच्या गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं लिहायला ते असिस्टंट वापरतात. फोन फॉरमॅट करायचा ठरवूनच आले होते. मी त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा, दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवले. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात ते ॲप, आणि पान अगदी खाली सरकवलं की व्हर्जनचा नंबर दिसतो. दोन्हींकडे शेवटच्या आकड्यापर्यंत तोच नंबर. तरी मुलाच्या फोनवर आवाजाचं बटण खाली लिहायच्या पट्टीतच होतं आणि अण्णांच्या फोनवर ते वर कोपऱ्यात.

मग अकाउंटची अदलाबदल केली. मुलाच्या फोनवर अण्णांचं अकाउंट घातलं, ओटीपी टाकला, ॲप उघडलं. त्या नव्याकोऱ्या फोनवर बटण वर कोपऱ्यात गेलं. अण्णांच्या फोनवर मुलाचं अकाउंट घातलं, तर तिथे ते खाली आलं. अण्णा दोन्ही स्क्रीनकडे आलटून पालटून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे माझा फोन चांगला हाय की."

हीच खरी परीक्षा आहे आणि तिला पाच मिनिटं लागतात. चेहरा अकाउंटबरोबर फिरला, तर गोष्ट सर्व्हरकडची आहे आणि फोनवर काहीही करून उपयोग नाही. अकाउंट बदलूनही चेहरा त्या फोनलाच चिकटून राहिला, तर गोष्ट फोनकडची आहे. मग व्हर्जन बघा, कॅशे (ॲपने फोनवर साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करा, काय ते करा. व्हर्जनचे नंबर आधी जुळवून घ्यायला विसरू नका, नाहीतर दोन वेगळे माग शेजारी ठेवून नक्षीवरून भांडत बसाल.

"पण माझ्या मेव्हण्याचं तर अनइन्स्टॉल करूनच झालं," असं कोणीतरी म्हणतंच. खोटं नसतं ते. काही ॲप्स ही यादी अकाउंटला न बांधता त्या इन्स्टॉलेशनला, म्हणजे फोनवर टाकलेल्या त्या प्रतीला, बांधतात. ॲप परत टाकलं की फोन नवा समजला जातो आणि नवं रूप द्यायचं की नाही याची चिठ्ठी नव्याने काढली जाते. शिवाय यादी फोनवर काही काळ साठवलेली असते. फायरबेस या गुगलच्या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सेवेतून यादी येत असेल, तर ती परत विचारण्याआधीची नेहमीची मुदत १२ तासांची आहे. त्यामुळे कधी परत टाकल्यावर, कधी नुसतं रात्रभर थांबल्यावर चेहरा बदलतो, आणि श्रेय अनइन्स्टॉलला जातं. हा समज टिकून राहतो तो यामुळे.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ॲप 'फोर्स स्टॉप' करून परत उघडायचं. नुसतं मागे सरकवलेलं ॲप पुष्कळदा जिवंतच असतं. मग एक दिवस जाऊ द्यायचा. मग साइन आउट करून परत साइन इन करायचं. कॅशे साफ करायची ती यानंतर. 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर स्टोरेज' यांतला फरक एका ओळीचा आहे: पहिल्याने साठलेल्या तात्पुरत्या फाइली जातात, दुसऱ्याने लॉगिन आणि ॲपमधली फोनवरची सगळी माहिती जाते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपसाठी कॅशेचं बटणच नाही, तिथे शोधत बसू नका.

साइन इन करताना मात्र डोळे उघडे ठेवा. एकदा जीमेलने, एकदा मोबाइल नंबरने, एकदा ॲपलच्या बटणाने आत गेलात तर तुमच्या नकळत दोन-तीन अकाउंट तयार झालेली असू शकतात. जुळे सोलापूरहून येणारी एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली होती, जुन्या चॅट्स सगळ्या गेल्या म्हणून. काही गेलं नव्हतं. ती दुसऱ्याच ईमेलने आत शिरली होती. ॲपच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर ईमेल दिसतो, तो आधी वाचा. पैसे भरलेला प्लॅनसुद्धा फोनला लागू नसतो, त्या अकाउंटला असतो.

आणखी एक फसवी जागा म्हणजे होम स्क्रीनवरचं चिन्ह. पुष्कळांनी कधीतरी क्रोममधून 'ॲड टू होम स्क्रीन' केलेलं असतं. चिन्ह हुबेहूब ॲपसारखं, पण ती असते वेबसाइट. ती प्ले स्टोअरमधून अपडेट होत नाही. साइटचा सांगाडा ब्राउझर फोनवर साठवून ठेवू शकतो आणि मग जुनाच उघडत राहतो. प्ले स्टोअरमध्ये तुम्ही अपडेट करता एक आणि उघडता दुसरंच. चिन्ह दाबून धरा, 'ॲप इन्फो'त जाऊन ती क्रोमची वस्तू आहे का बघा. असेल तर काढून टाका, क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून त्या साइटचा डेटा पुसा आणि खरं ॲप वापरा. कॉम्प्युटरवर असाल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्याने आणा.

पॉवर बटण दाबून धरल्यावर जुना गुगल असिस्टंटच येतो, ही तक्रार तर वेगळीच आहे. ८ फेब्रुवारी २०२४ला गुगलच्या बार्ड या एआय असिस्टंटचं नाव जेमिनी झालं आणि अँड्रॉइडवर त्याचं ॲप आलं. असिस्टंटच्या जागी काय उघडावं, याची निवड सेटिंग्जमध्ये असते. ती बघा. तिथे अपडेटचा संबंध नाही.

चेहरा जुना म्हणजे आतलं मॉडेलही, म्हणजे उत्तरं तयार करणारा एआयही जुना, हेही मनातून काढून टाका. उत्तरं सर्व्हरवर तयार होतात. जुन्या रूपातही नवं मॉडेल चालू असू शकतं.

एका गोष्टीत मात्र मी ऐकून घेत नाही: व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअर सोडून बाहेरून थेट टाकायची ॲपची फाइल. 'नवीन डिझाइन, आत्ता टाका' म्हणून कोणी पाठवलेली फाइल टाकू नका, सख्ख्या भावाने पाठवली तरी. त्या फाइलमध्ये खरं ॲप असलं, तरी यादी सर्व्हरकडूनच येणार, म्हणजे चेहरा बदलेलच असं नाही. आणि खरं नसलं, तर ज्या ॲपमध्ये तुम्ही ऑर्डरची पत्रं, दराचे आकडे, डॉक्टरांचे रिपोर्ट टाकता, ते कोणाच्या हातात गेलं हे कधीच कळणार नाही.

एवढं करूनही अडलं, तर ॲपमधूनच कंपनीला लिहा. "अपडेट होत नाही" एवढंच लिहिलं तर उत्तर अनइन्स्टॉल करा असंच येईल. लिहायचं ते असं: फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड कितवं, ॲपच्या व्हर्जनचा पूर्ण नंबर, कुठल्या ईमेलने आणि कुठल्या प्लॅनवर आहात, तेच अकाउंट दुसऱ्या फोनवर घातल्यावर काय दिसलं, आणि दोन्ही स्क्रीनचे फोटो. अण्णांचं पत्र आम्ही असंच लिहिलं, मराठीत, आणि इंग्रजी त्यांनी त्याच जुन्या चेहऱ्याच्या असिस्टंटकडून करून घेतलं.