हळवं मन आणि रसिक मन: डोळ्यांत पाणी आलं म्हणजे कविता कळली असं नाही

कविता वाचून कोणी म्हणालं, ‘डोळ्यांत पाणी आलं’, की निकाल लागल्यासारखे सगळे गप्प होतात. रडणारा रसिक ठरतो, रडवणारी कविता चांगली ठरते, आणि ज्याचे डोळे कोरडे राहिले तो दगड. या तिन्ही समजुती चूक आहेत. भावनिक संवेदनशीलता आणि सौंदर्यसंवेदना, म्हणजे कलाकृतीची घडण जाणवणं, या दोन्ही एकाच खात्यात जमा करण्याची सवय हे तिन्हींचं मूळ.

भावनिक संवेदनशीलता सगळ्यांच्या ओळखीची आहे. फोनवर कोणी ‘मी बरा आहे’ म्हणतं आणि ‘बरा’च्या आधी किंचित थांबतं; ते थांबणं ज्याला ऐकू येतं, तो भावनिकदृष्ट्या संवेदनशील. पटकन दुखावला जाणारा माणूस आपोआप यात बसत नाही. स्वतःला लागलेलं सगळ्यांनाच कळतं. तसंच भिंतीवर महागडं चित्र लावलं म्हणजे कोणी रसिक होत नाही. हे दोन्ही गैरसमज इथेच सोडून पुढे जाऊ.

खरा घोळ वेगळाच आहे. फरक सांगायला बसलं की लोक लगेच वाटणी करून टाकतात: हळवेपणा हृदयाचा, रसिकता बुद्धीची. मग रसिक म्हणजे मात्रा मोजणारा, उपमा तपासणारा कोरडा माणूस. ही वाटणी मला मुळीच मान्य नाही. रसिकही हलतो, कधी हळव्या माणसापेक्षा जास्त हलतो. भावना दोन्हीकडे असते. पाहायचं ते एवढंच, की ती कशामुळे उठली आणि कशाला बांधलेली आहे.

समजा आई गेल्यावरच्या दोन कविता आहेत. पहिलीत म्हटलंय: आई, तुझ्याविना घर सुनं झालं, आता मला कोण जवळ घेईल? दुसरीत आई हा शब्दच नाही. कपाटात चष्म्याची डबी आहे, ती उघडल्यावर उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा दिसतो, आणि काच पुसायचं फडकं हातात घेतलेला माणूस तसाच उभा राहतो. पहिली वाचून ज्याला रडू येतं तो आपल्या आईसाठी रडतो, आणि त्यात गैर काहीच नाही. पण कवितेने तिथे फक्त दाराची कडी वाजवली. आतलं सगळं वाचकाचं होतं. दुसरीत मात्र ठसा पुसला न जाणं हेच सगळं काम करतं. ठसा काढून तिथे ‘तिची आठवण’ असं लिहा, कविता जागच्या जागी मरेल. ज्याची आई हयात आहे, त्यालाही तो ठसा थांबवतो.

म्हणून मी एकच कसोटी लावतो. त्या जागी दुसरं काही असतं तर चाललं असतं का? कवितेऐवजी जुना फोटो, शोकसभेतलं भाषण किंवा नुसतं ‘आई’ म्हणून मारलेली हाक असती, तरी तेवढंच रडू आलं असतं, तर ते रडू खरं आहे, पण त्या कवितेचं नाही. आणि ओळीतला एक शब्द बदलताच अनुभव विस्कटत असेल, तर तिथे सौंदर्यसंवेदना जागी आहे.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली. भरताच्या नाट्यशास्त्राने भाव आणि रस वेगळे ठेवले: शोक हा भाव, म्हणजे जगण्यातली भावना; करुण हा रस, म्हणजे कलेतून मिळणारा तिचा आस्वाद. हजारेक वर्षांपूर्वी काश्मिरी तत्त्वज्ञ अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी विघ्नं सांगितली, त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. म्हणजे ज्या अवस्थेला आपण दाद समजतो, तिला त्याने अडथळा म्हटलं.

१९१२ साली एडवर्ड बुलो या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने याच मुद्द्यावर एक उदाहरण दिलं. बायकोबद्दल मनात संशय असलेला नवरा संशयी नवऱ्याचं नाटक बघायला बसतो. वरवर पाहता त्याच्याइतकं ते नाटक कोणाला कळेल? पण तो नाटक बघतच नाही, स्वतःचं घर बघत बसतो. बुलोचा पुढचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो: कलाकृती आणि आपलं स्वतःचं आयुष्य यांतलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं, फक्त ते पूर्ण नाहीसं होता कामा नये. रसिकाने थंड राहावं असं तो कुठेही म्हणत नाही.

आधुनिक मोजमापांतही हे दोन धागे वेगळे निघतात. इलेन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अतिसंवेदनशीलता मोजण्यासाठी २७ प्रश्नांची पट्टी मांडली. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तिची छाननी केली, तेव्हा तिच्यात तीन वेगळे घटक सापडले. पटकन भारावून जाणं आणि आवाज-उजेडाचा चटकन त्रास होणं हे दोन घटक अस्वस्थ, चिंताग्रस्त स्वभावाशी जास्त जोडलेले. सौंदर्यसंवेदना हा तिसरा, नव्या अनुभवांना खुलं असण्याशी जोडलेला. गर्दीत जीव घाबरा होतो म्हणून आपण आपोआप कलासक्त, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

उलट बाजूही आहे. २०१४ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशी निरोगी माणसं दाखवून दिली, ज्यांना संगीत नीट ऐकू येतं, उमगतं, पैसे जिंकल्याचा आनंदही इतरांसारखाच होतो, पण संगीतातून सुख मिळत नाही. गाण्याने न हलणाऱ्या माणसाला कोणी भावनाशून्य म्हटलं की मला संताप येतो. तो दुसऱ्याच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसणारा असू शकतो. आणि एका मींडेवर जीव ओवाळून टाकणारा माणूस घरातल्यांशी निर्दय वागू शकतो. सुराची जाण माणसांची जाण आपोआप देत नाही.

या घोळाचा सर्वांत मोठा तोटा कवितेला होतो. स्पर्धेत आई, शहीद जवान किंवा अनाथ मूल आलं की परीक्षकाची लेखणी नरमते. विषयाला गुण पडतात, घडणीकडे कोणी बघत नाही. वर्गातही ‘कवीच्या भावना तुमच्या शब्दांत लिहा’ हाच प्रश्न फिरून येतो. हा शब्द इथेच का, ही ओळ इथेच का तुटली, हे क्वचितच विचारलं जातं. माझं ठाम मत आहे की पहिला प्रश्न दहा वर्षं काढून टाकावा.

अभिनवगुप्ताच्या मते सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, मनाचा आरसा काव्याच्या सततच्या अभ्यासाने स्वच्छ होतो. म्हणजे ही जन्मजात देणगी मिळाली नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. ती कमावता येते. रडवणारी कविता आठवड्याने पुन्हा वाचावी, पहिला उमाळा ओसरलेला असताना. मग बोट ठेवून सांगावं, नेमकी कोणत्या शब्दापाशी मान वर झाली. बोट ठेवायला जागाच सापडली नाही, तर पानावरची कविता सोडून द्यावी आणि जिची आठवण आली तिला फोन करावा.