शिशुपोषण : कोल्हापूरचा ग्रामीण भाग

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार, त्यांची वाढ आणि त्यासाठीची घरातली व सरकारी व्यवस्था असा हा विषय आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात तो काहींना अनाठायी वाटतो. पंचगंगेच्या काठाने ऊस, घरोघरी गूळ, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ या जिल्हा दूध संघाला गावोगावच्या संस्थांतून सकाळ-संध्याकाळ दूध. अशा मुलखात मूल कुपोषित राहीलच कसे? पण बारा तालुक्यांचा हा जिल्हा एकजिनसी नाही. शिरोळ, हातकणंगले, कागल इथली बागायत वेगळी आणि शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगडच्या डोंगरातले धनगरवाडे वेगळे. बागायती गावांतही भूमिहीन शेतमजूर आहेत, आणि गाळप हंगामात बाहेरून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडतात त्या याच पट्ट्यात. राज्याची स्थितीही फारशी दिलासा देणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आढळली.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वर पाणीसुद्धा नाही, हा नियम आता बहुतेक घरांना ऐकून माहीत आहे. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्यापासून चिकाचे दूध पिळून टाकण्याची रीतही मागे पडली. मध चाटवणे आणि गुटी उगाळणे मात्र सहज सुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

खरी घसरण होते ती उष्टावणानंतर. जन्मतः शरीरात साठवलेले लोह साधारण सहा महिन्यांत संपत येते आणि आईच्या दुधातून ती तूट भरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षी ५५०. पोट मात्र वाटीभर अन्नाचे. त्यामुळे अन्न घट्ट हवे आणि ते दिवसातून तीन-चार वेळा मिळायला हवे. प्रत्यक्षात बाळाला मिळते भाताची पातळ पेज, वरणावरचे पाणी किंवा चहात बुडवलेले बिस्कीट. पोट भरते, अंगाला काही लागत नाही. शिवाय चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. डोंगरी भागात पिकणारी नाचणी या वयासाठी उत्तम, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर तिची लापशी घट्ट शिजवूनही गिळायला सोपी राहते. तिच्यात शेंगदाण्याचे बारीक कूट आणि चमचाभर तेल घातले की तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त ऊर्जा बसते. उकडलेले अंडे कुस्करून घालता आले तर फारच चांगले. गाई-म्हशीच्या दुधाबद्दल मात्र गैरसमज आहे. घरचे सगळे दूध डेअरीला जाते म्हणून मुले सुकतात, असे सर्रास म्हटले जाते. वर्षावरच्या मुलाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, पण वर्षाच्या आत वरचे दूध हे मुख्य अन्न होऊच शकत नाही, कारण त्यात लोह नगण्य असते.

हे सारे आयांना सांगून झालेले असते. अडते ते वेळेपाशी. सव्वा महिना उलटला की शेतमजूर बाई भांगलणीला जाऊ लागते. बाळ सासूकडे किंवा थोरल्या मुलीकडे राहते, आणि दिवसातून चार वेळा भरवायला घरात माणूस उरत नाही. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रोजंदारीवरच्या बाईला तशी रजा नाही. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फडात जाताना बाळ बरोबरच असते, झोळीत किंवा पाचटावर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तिला थांबता येत नाही.

अंगणवाडी ही संकल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून रुजली. अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी, असे तिचे निकष २०२३ पर्यंत होते. गोम वेगळीच आहे. गरम, ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या, अंगणवाडीत येऊन बसणाऱ्या मुलांना. त्याहून लहानांना घरी न्यायचा कोरडा शिधा मिळतो. तो घरात सगळ्यांत वाटला जातो आणि चव न आवडल्यास जनावरांच्या आंबोणात जातो, अशी जुनी तक्रार आहे. म्हणजे ज्या वयात नुकसान होते, त्याच वयात योजना घराच्या उंबऱ्यावर थांबते. आशा कार्यकर्तीने ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरभेट द्यावी, अशी तरतूद नंतर आली, ती या फटीसाठीच. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित धरले जाते, आणि गावातल्याच ग्राम बालविकास केंद्रात किंवा गुंतागुंत असल्यास रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले जाते.

विकास म्हणजे नुसते वजन नव्हे. जमैकात किंग्स्टनमधील खुज्या मुलांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मुलांना पूरक आहार दिला, काहींच्या घरी जाऊन आयांना मुलांशी खेळायला-बोलायला शिकवले, तर काहींना दोन्ही दिले. दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. खेळ-गप्पांचा लाभ झालेल्या मुलांची कमाई वीस वर्षांनंतर तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. आपल्याकडे अंगणवाडी सेविकेचा बराच वेळ नोंदी भरण्यात जातो; दोन वर्षांखालच्या मुलाच्या आईशी बसून बोलणे मागे राहते.

धनगरवाड्यांची अडचण आणखी निराळी. गगनबावड्याकडे पावसाळ्यात पायवाटा बंद होतात, वाड्या विखुरलेल्या, घरे मोजकी. २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. पण ती योजना अनुसूचित क्षेत्रापुरती आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात असे क्षेत्र नसल्याने डोंगरातल्या या वाड्या तिच्या बाहेर राहतात.