एकट्या स्त्रीची प्रजननक्षमता तपासणी: सोलापुरात कागद कोणते, क्रम कोणता

तिशीतल्या अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीला बीजांडांचा साठा, हार्मोन्स आणि गर्भाशयाची तपासणी करून घ्यायची असेल, तर कोणाचीही परवानगी लागत नाही. नवऱ्याची सही नको, वडिलांची नको, लग्नाचा दाखलाही नको. वयाच्या आणि वैवाहिक स्थितीच्या अटी आहेत, पण त्या पुढच्या उपचारांना आहेत. रक्त देणे आणि सोनोग्राफी करणे याला त्या लागू नाहीत. खिडकीवर ‘मिस्टर कुठे आहेत?’ असा प्रश्न आला, तर ‘फक्त तपासणी आहे, उपचार नाहीत’ एवढे स्पष्ट सांगावे.

सोबत काय न्यायचे

आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स पुरते. सिव्हिलला, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जाणार असाल तर रेशनकार्डही घ्या आणि शुल्कात सवलत बसते का ते केसपेपर काढतानाच विचारा. कारखान्यातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर आधी ईएसआयच्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. आधी खासगीत खर्च करून मग परतावा मागायला गेलात तर तो मिळणे अवघड होते.

नावाकडे मात्र नीट लक्ष द्या. केसपेपरवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि लॅबच्या पावतीवर फक्त पहिले नाव, असे झाले की तीन रिपोर्ट तीन वेगळ्या बायकांचे दिसतात. पुढे बीजांडे गोठवायची ठरली तर हाच घोळ अडवतो. आधारवर आहे तेच पूर्ण नाव सगळीकडे लिहून घ्या. ‘पतीचे नाव’ या रकान्यात वडिलांचे नाव लिहावे किंवा आडवी रेघ मारावी. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसींमध्ये वंध्यत्वाशी संबंधित खर्च ‘एक्स्क्ल 17’ या प्रमाणित कलमाखाली वगळलेला असतो.

तारीख चुकली की फेरी वाया

या सगळ्यात जास्त चुका तारखेच्या होतात. रक्तस्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. नुसते डाग दिसले तो दिवस धरायचा नाही. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिओल या हार्मोन्सच्या तपासणीचे रक्त दुसऱ्या ते चौथ्या दिवसात द्यावे लागते. बीजकोष, म्हणजे अंडाशयातल्या बीजांडांच्या लहान पिशव्या, मोजायची सोनोग्राफी दुसऱ्या ते पाचव्या दिवसात होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी गेलात तर दोन्ही कामे एकाच फेरीत उरकतात. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरहून येणाऱ्यांनी पाळी सुरू झाल्याबरोबर सोनोग्राफी केंद्राला फोन करून वेळ ठरवावी. तिसरा दिवस रविवारी येत असेल तर दुसऱ्या किंवा चौथ्या दिवशी जा, पुढच्या पाळीपर्यंत थांबायचे कारण नाही.

इस्ट्राडिओलशिवाय एकटे एफएसएच करून घेऊ नका. इस्ट्राडिओल चढलेले असेल तर ते एफएसएचला दाबते आणि आकडा खोटाच बरा दिसतो. दोन्ही एकाच सुईच्या रक्तातून होतात, तेव्हा चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेत ना, ते पाहा.

एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा दाखवणारा हार्मोन, याचे रक्त कोणत्याही दिवशी देता येते. मात्र गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी येऊ शकतो, ते आधी सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे चुकीचे येतात. त्या किती दिवस बंद ठेवायच्या हे लॅबला विचारा. प्रोलॅक्टिन या हार्मोनचे रक्त उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडे शांत बसून द्या. धावतपळत जिना चढून दिलेल्या रक्तात ते उगाच वाढलेले दिसते. थायरॉइडचे टीएसएच याच वेळी उरका.

सोनोग्राफीच्या टेबलावर

बीजकोष मोजण्यासाठी योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी जास्त अचूक असते, आणि त्यासाठी लघवी करून जायचे असते. शरीरसंबंध आलेला नसेल तर ते आधीच, संकोच न करता सांगा. मग पोटावरून तपासतात, आणि त्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. पोटावरून केलेल्या तपासणीत लहान बीजकोष निसटतात, त्यामुळे तो आकडा कमी आला तर एएमएचसोबतच वाचायचा. कोणती पद्धत हे ठरवणे तुमच्या हातात आहे. योनीमार्गातून तपासायला नकार दिला म्हणून तपासणी नाकारता येत नाही. खोलीत स्त्री कर्मचारी हजर असावी, हेही मागा.

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा ‘फॉर्म एफ’ गर्भवतींसाठी आहे. तुमच्याकडून तो भरून घेण्याचे कारण नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र दाखवा, तेवढे पुरे.

गर्भाशयाच्या नळ्यांची तपासणी, म्हणजे एचएसजी, प्रत्येकीला लागत नाही. रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढायची ही तपासणी पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, दहाव्या दिवसाच्या आत करतात. ती दुखते आणि पैसेही जातात. बीजांडे गोठवण्यासाठी नळ्यांची अवस्था कळून उपयोग नसतो. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, ओटीपोटात संसर्ग झाला असेल किंवा पुढे दात्याच्या शुक्राणूंनी आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणे) करायचे असेल, तरच तिला अर्थ आहे. पॅकेजमध्ये ती आधीच घातलेली दिसली तर कशासाठी हे विचारून मगच होकार द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिल्यांदा एकक पाहा. एएमएच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये 2.1 असेल तर तेच पिकोमोल प्रति लिटरमध्ये 15 दिसते, कारण गुणक 7.14 आहे. दोन लॅबचे आकडे थेट ताडून पाहू नका. पुन्हा करायची असेल तर त्याच लॅबमध्ये करा.

एएमएच साधारण 1.1 किंवा 1.2 नॅनोग्रॅमच्या खाली आणि दोन्ही बाजूंचे मिळून बीजकोष पाच-सातच्या खाली असतील तर साठा कमी समजतात. साठा कमी म्हणजे मूल होणार नाही, असे नव्हे. एएमएच संख्या सांगते, बीजांडाची प्रत सांगत नाही. प्रत मुख्यतः वयावर असते, आणि पस्तिशीनंतर ती वेगाने उतरते. म्हणून चौतिसाव्या वर्षी कमी एएमएच पाहून रडू नये आणि अडतिसाव्या वर्षी चांगले एएमएच पाहून निर्धास्तही राहू नये. हा आकडा गोठवायचे ठरवताना कामाचा असतो, कारण उपचाराच्या एका फेरीत किती बीजांडे मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो.

कायदा कुठून सुरू होतो

बीजांडे गोठवणे, दात्याचे शुक्राणू घेऊन आययूआय किंवा आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करणे) करणे हे सहाय्यित जननतंत्रज्ञान (नियमन) कायदा, 2021 खाली येते. 21 वर्षांच्या वर आणि 50 च्या आत असलेल्या स्त्रीला ही सेवा घेता येते, त्यासाठी विवाहित असण्याची अट नाही. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच यावे लागतात. ओळखीतला दाता आणून चालत नाही. गोठवलेली बीजांडे जास्तीत जास्त 10 वर्षे ठेवता येतात. क्लिनिक लेव्हल 1 असेल तर तिथे आययूआयपर्यंतच काम होते. बीजांडे काढणे व गोठवणे यासाठी लेव्हल 2 ची नोंदणी हवी. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते, त्यावरचा स्तर आणि मुदत आपल्या डोळ्यांनी वाचा.

सरोगसीचे, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात आपले मूल वाढवण्याचे, नियम याहून कडक आहेत. एकट्या स्त्रियांपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित, तीही 35 ते 45 वयाची, पात्र ठरते. अविवाहितेला ती मुभा नाही. घटस्फोटाचा दावा कोर्टात चालू असेल तर तपासणी आजच करा, पण उपचारासाठी क्लिनिक हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागेल हे धरून चाला. ती मिळायला वेळ लागतो, निकाल लागताच अर्ज करून ठेवा.

उपचाराआधी एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) लागते. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलच्या आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रात मोफत होते, आणि एचआयव्ही-एड्सविषयीच्या 2017 च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही.

शेवटी सगळ्या रिपोर्टच्या आणि सोनोग्राफीच्या प्रतींचा एक संच स्वतःकडे ठेवा. डॉक्टरांकडे तुमच्या नोंदी लेखी मागितल्या तर 72 तासांत द्याव्या लागतात. दुसरे मत घ्यायला पुण्याला जायचे ठरलेच, तर हाच संच घेऊन निघा, म्हणजे तिथे पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार नाही.