पत्त्यातलं डब्लिन आणि हद्दीतलं डब्लिन

न्यू जर्सीतल्या एडिसनहून ओहायोतल्या कोलंबसला यायला निघालेल्या मंडळींचा फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य ठरलेलं असतं. "घर डब्लिनमध्ये बघतोय, म्हणजे शाळेचा प्रश्न मिटला." डब्लिन हे कोलंबसच्या शेजारचं गाव, आणि इथे सरकारी शाळा घर कुठल्या हद्दीत आहे त्यावरून ठरते. मी विचारते, डब्लिन म्हणजे पत्त्यातलं की हद्दीतलं? पलीकडे क्षणभर शांतता. मग जरा घुश्शातच, "म्हणजे काय? पत्त्यावर डब्लिन लिहिलंय की!"

लिहिलेलं असतंच. ते पोस्टानं लिहिलेलं असतं, आणि पोस्टाला तुमच्या मुलांच्या शाळेशी काही देणंघेणं नाही.

खरं तर पुणेकराला हे शिकवायची गरज पडू नये. हिंजवडीचा पिन 411057, पत्त्यावर ठळक 'पुणे', आणि मी तिथे नोकरीला होते तेव्हा गाव ग्रामपंचायतीचं. पाणी आलं नाही म्हणून पुणे महापालिकेत तक्रार करायला कुणी गेलं नाही. पण तोच माणूस अमेरिकेत उतरला की झिप कोडवर, म्हणजे इथल्या पिनवर, आंधळा विश्वास ठेवतो. याचं थोडं खापर न्यू जर्सीवर फोडायला हवं. त्या राज्यातली इंच न् इंच जमीन कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत मोडते. एडिसन टाउनशिपमध्ये घर घेतलं की शाळाही एडिसनच्याच. तिथे दहा वर्षं काढलेल्या माणसाला गाव आणि शाळा या दोन वेगळ्या चौकशा आहेत हे सुचतच नाही.

कोलंबस शहर केवढं, हा आकड्यांचा घोळ आधी उरकून टाकते. 2020 च्या जनगणनेत कोलंबस शहर 9,05,748 लोकांचं, बॉस्टन 6,75,647 आणि अटलांटा 4,98,715. कागदावर कोलंबस या दोघांपेक्षा मोठं. आसपासचा पट्टा धरून मोजलं तर कोलंबस 21 लाखांच्या आसपास, बॉस्टन 49 लाख, अटलांटा 61 लाख. तेव्हा शहर मध्यमच. या पट्ट्याला 'मेट्रो' म्हणतात, पण त्यात रेल्वे शोधू नका. इथून शेवटची प्रवासी गाडी 1979 साली सुटली. बस आहे, पण घरात मोटारी दोन लागतील.

कागदावर शहर इतकं मोठं कसं झालं, हे मात्र कळायला हवं, कारण सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. 1950 आणि 60 च्या दशकांत जॅक सेन्सेनब्रेनर नावाचे महापौर होते. त्यांचं धोरण सरळ होतं: शहराचं पाणी आणि ड्रेनेज हवं असेल तर आधी शहरात सामील व्हा. शेतं एकामागून एक कोलंबसच्या हद्दीत येत गेली. काही जुनी गावं बधली नाहीत. बेक्सलीच्या चारही बाजूंना आज कोलंबस आहे आणि मधोमध बेक्सली आपली नगरपालिका आणि आपल्या शाळा राखून बसलंय. शहराची हद्द अशी वाढत गेली, पण शाळांची हद्द तिच्यामागून गेली नाही. 1986 साली कोलंबसच्या आणि शेजारच्या शाळांमध्ये 'विन-विन' नावाचा करार झाला आणि बऱ्याच भागांत हे असंच राहील यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणून कोलंबस शहराचा बराच मोठा भाग आज कोलंबसच्या शाळांमध्ये मोडत नाही. तो डब्लिन, हिलियर्ड, वर्दिंग्टन, वेस्टरव्हिल अशा शेजाऱ्यांच्या शाळांकडे आहे.

एकाच जमिनीवर असे तीन नकाशे पसरलेले आहेत: पोस्टाचा, नगरपालिकेचा आणि शाळांचा. त्यांच्या रेषा जुळल्या तर तो योगायोग.

आमचं पहिलं भाड्याचं घर. पत्ता डब्लिन, झिप 43016. लीजिंग ऑफिसमधल्या बाईंनी गुळगुळीत ब्रोशर पुढे सरकवलं, त्यावर 'डब्लिन' इतक्या मोठ्या अक्षरात की खाली काही वाचायची गरजच वाटू नये. आम्ही सही केली. ऑगस्टमध्ये लेकीचं नाव घालायला डब्लिनच्या शाळांच्या कचेरीत गेलो. हातात लीज, विजेचं बिल, जन्माचा दाखला, लसींचा कागद. खिडकीमागच्या बाईंनी घरनंबर टाइप केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. निळी रेघ आमच्या कॉम्प्लेक्सच्या अलीकडूनच गेली होती. "तुम्ही हिलियर्डचे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं, यावरून असे किती येत असतील ते कळलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी कोलंबस शहराकडून टॅक्सचं पत्र आलं. आम्हाला वाटलं चुकून आलंय. नव्हतं. पोस्टानं आम्ही डब्लिनचे, शाळेनं हिलियर्डचे आणि राहायला चक्क कोलंबसचे.

हा टॅक्स न्यू जर्सीकरांना ठाऊकच नसतो. ओहायोतली शहरं पगारावर स्वतःचा इन्कम टॅक्स लावतात. फेडरल आणि राज्याचा वेगळा, हा तिसरा. आधी तो जातो जिथे काम करता त्या शहराला, मग राहता ते शहर आपला दर लावून बघतं आणि तिकडे भरलेल्याची सूट देतं. कोलंबसचा दर 2.5 टक्के, डब्लिनचा 2. माझ्या नवऱ्याचं ऑफिस डब्लिनमध्ये. पगारातून 2 टक्के डब्लिनला जात होते, म्हणजे उरलेला अर्धा टक्का कोलंबसचं येणं. एक लाख डॉलर पगारावर 500 डॉलर, वर वेळेत न भरल्याचं व्याज. खरोखर डब्लिनच्या हद्दीत राहत असतो तर हा अर्धा टक्का लागलाच नसता. घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत तर राहतं घरच कामाचं ठिकाण, तिथे हद्दीनं आणखी फरक पडतो.

त्यात 'टाउनशिप' हा शब्द आणखी चकवतो. न्यू जर्सीतली टाउनशिप म्हणजे धडधडीत नगरपालिका. ओहायोतली टाउनशिप तीन ट्रस्टी चालवतात, तिला महापौर नाही आणि इन्कम टॅक्स लावायचा अधिकारही नाही. आपले कितीतरी लोक ज्या लुईस सेंटरला राहतात ते 'शहर' मुळी अस्तित्वातच नाही. पत्त्यावरचं नाव आहे, खाली बहुतेक जमीन ऑरेंज टाउनशिपची. पॉवेलचंही तसंच. शहर छोटं, झिप अवाढव्य. कोलंबसच्या प्रसिद्ध प्राणिसंग्रहालयाचा पत्तासुद्धा पॉवेलचा आहे.

उलट्या बाजूनं फसणारेही असतात आणि त्यांचा मला जास्त राग येतो. "कोलंबस पत्ता नको बाई, तिथल्या शाळा बऱ्या नाहीत." असं म्हणून शहराच्या उत्तर टोकाला, पोलारिसजवळची 43240 मधली घरं न बघताच खोडतात. तो भाग कोलंबस शहरात आहे, डेलावेअर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे आणि मुलं जातात ओलेंटॅन्जीच्या शाळांत, ज्यांच्यासाठी हेच लोक लुईस सेंटरला जास्त भाडं मोजायला तयार असतात.

तर चौकशी अशी करा. झिप टाकून शाळांची रेटिंग दाखवणारी ॲप बंद करा. फ्रँकलिन किंवा डेलावेअर, ज्या काउंटीत घर असेल तिच्या ऑडिटरच्या, म्हणजे घरांच्या कराची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या साइटवर पूर्ण पत्ता टाका, घरनंबरासकट. तिथे 'टॅक्सिंग डिस्ट्रिक्ट' (कराची हद्द) आणि 'स्कूल डिस्ट्रिक्ट' (शाळांची हद्द) वेगवेगळे लिहिलेले असतात. इन्कम टॅक्ससाठी राज्याच्या टॅक्स खात्याचं 'द फाइंडर' हे पत्ता टाकून बघायचं पान आहे. आणि मग शाळेच्या कचेरीला फोन करून तोच घरनंबर सांगा, कारण एका डिस्ट्रिक्टमध्येही शाळेची कोणती इमारत मिळेल हे वस्ती वाढली की बदलतं. एजंटला विचारायला हरकत नाही, फक्त त्याच्या उत्तरावर सही करू नका. घर विकत घ्यायचं असेल तर पहिलं वर्ष भाड्यानंच राहा; प्रॉपर्टी टॅक्समधला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो, तेव्हा ती रेघ कुठून जाते ते स्वतः तिथे राहून कळलेलं बरं.

लेक आता हिलियर्डमध्ये आठवीत आहे. मजेत आहे. भारतातून आईनं पाठवलेल्या दिवाळीच्या पार्सलवर अजून 'डब्लिन' असतं आणि ते बरोब्बर पोहोचतं.