मॅमथचे झरे आणि एक मातीची भिंत

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हे ऊन पाण्याचे झरे पाहून येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: फोटोत होतं तसं काही दिसलंच नाही. केशरी-पिवळे ओघळ असायला हवे होते तिथे नुसता राखाडी उतार, पाण्याचा टिपूस नाही. मग घरी आल्यावर सांगितलं जातं, ‘झरे मेले बहुतेक.’

झऱ्यांच्या या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारांना ‘टेरेस’ म्हणतात. टेरेस म्हटल्यावर आपल्याला गच्ची आठवते. इथे कोकणातल्या उतारावरची भातखाचरं आठवावीत, फक्त बांध चुन्याचे आणि ते घालतं पाणी स्वतःच. जमिनीत मुरलेलं पावसाचं, बर्फाचं पाणी खाली तापतं, कार्बन डायऑक्साइड मिसळून आम्ल होतं आणि चुनखडकातून येताना चुना विरघळवून आणतं. उघड्यावर आलं की वायू उडून जातो, चुना मागे राहतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच प्रकार, डोंगराएवढा. थर वाढता वाढता झऱ्याचं तोंड बुजतं आणि पाणी दुसरीकडून फुटतं. रंग असतो तो ऊन पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. पाणी गेलं की तोही जातो. पण सगळ्या परिसराचा हिशेब केला तर पाणी साधारण तेवढंच राहतं. म्हणजे झरे मरत नाहीत, बिऱ्हाड हलवतात. मिनर्व्हा टेरेस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठणठणीत कोरडी होती. १९५१ पर्यंत ती पुन्हा वाहू लागली, आणि पुढे एवढी की तिथली फळ्यांची पायवाटच थराखाली गाडली गेली. तेव्हा पाण्याशी भांडण्यापेक्षा उचलून हलवता येईल अशी उंच पायवाट बांधली गेली.

मूळ रहिवासी जमातींना ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कागदोपत्री इतिहास मात्र सुरू होतो १८७१ पासून. त्या वर्षी सरकारी सर्वेक्षण पथक येण्याआधीच दोघा जणांनी इथल्या ३२० एकरांवर हक्क सांगितला होता. लवकरच लाकडी ओंडक्यांचं हॉटेल आणि न्हाणीघर उभं राहिलं, संधिवाताचे रुग्ण येऊ लागले. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात उतरलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तो हक्क मान्य झाला नाही, पण धंदा लगेच थांबला असंही नाही. घोड्याचे नाल, बाटल्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, चुन्याचा लेप चढला की आठवण म्हणून विकायच्या, हाही उद्योग चालला. १८८६ मध्ये बंदोबस्ताला लष्कर आलं, ते १९१८ पर्यंत राहिलं.

खरा पेच आहे ओपल टेरेसचा. १९०८ मध्ये या उताराशेजारी एक देखणं घर बांधलं गेलं, उद्यानातली हॉटेलं चालवणाऱ्या बड्या माणसासाठी. वास्तुरचनाकार नावाजलेला; उद्यानातलं सर्वांत प्रसिद्ध लाकडी हॉटेलही त्याचंच. जवळ टेनिस कोर्टही झालं. झरा तेव्हा निजलेला होता. १९२६ मध्ये तो जागा झाला आणि वर्षाला कधीकधी फूटभर थर चढवू लागला. १९४७ मध्ये टेनिस कोर्ट उखडून काढलं, झऱ्याला पसरायला मोकळीक म्हणून. इथवर सगळं सरळ होतं. पण थर पुढे सरकत घरापर्यंत आला, आणि आता घर स्वतःच ऐतिहासिक वारसा झालेलं! तेव्हा वाळूची पोती रचली गेली, मातीचा बांध घातला गेला.

अधिकृत भूमिका अशी की झरा आणि घर, दोन्ही जपायची. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात बांध एकाच बाजूने आहे. निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं हे तत्त्व पायवाटेला लागू झालं, टेनिस कोर्टाला लागू झालं, घराच्या अंगणाशी येऊन थांबलं. घर पाडावं असं माझं म्हणणं नाही. मोडल्यावर ते पुन्हा तसं होणार नाही हे खरंच आहे. पण मग ज्या वीतभर जागेवर चुना चढायचा होता तिथे आपण ‘नको’ म्हटलं, एवढं तरी फलकावर सरळ लिहावं. ‘संरक्षण’ या एका शब्दात झऱ्याला मोकळं सोडणंही बसतं आणि त्याला अडवणंही. पाहुण्याने कोणता अर्थ घ्यायचा?

टेरेसच्या पायऱ्यांवरून गेलेलं बहुतेक पाणी जमिनीत शिरतं आणि खाली गार्डनर नदीकाठी उसळून वर येतं. बॉइलिंग रिव्हर म्हणतात ती ही जागा. ऊन आणि गार पाणी मिसळतं तिथे नदीत उतरायची मुभा होती. उद्यानात अशा जागा अगदी मोजक्या. जून २०२२ च्या पुरात त्या खोऱ्यातला रस्ता जागोजागी वाहून गेला आणि नदीकाठाचं रूपच पालटलं. वाहतुकीसाठी डोंगरावरची जुनी घोडागाडीची वाट रुंद करून डांबर घातलं. आंघोळ बंद झाली.